मदत हवी आहे: कारच्या दाराची काच खाली पडली, काच वर-खाली करणाऱ्या मशीनची फक्त केबल बदलता येते का?

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, ड्रायव्हर बाजूचं दार, पॉवर विंडो. परवा अंबाजोगाईहून केजला येताना काच खाली घेतली, कट्ट आवाज झाला नि काच दारातच बसली. आता बटण दाबलं की मोटार घुर्र करते, काच जागची हलत नाही.

फ्यूज ठीक आहे. मोटारला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन पाहिले, दोन्हीकडे फिरते. मग दाराचं पॅड काढलं, आतला प्लॅस्टिकचा कागद जपून सोडवला. केबलच्या तारा पिंजून, केबल गुंडाळणाऱ्या ड्रमभोवती पार गुंता झालाय. एक तार बोटात घुसली, कुणी हे काम करणार असाल तर हातमोजे घालाच. काच धरणारा प्लॅस्टिकचा स्लायडर मधोमध चिरलाय. रेल सरळ आहे, काचेला तडा नाही. सध्या काच वर ओढून खाली लाकडी पाचर ठोकलीय, वरून टेप.

इथले मेस्त्री म्हणतात, मोटारीसकट पूर्ण मशीन बदला. मोटार चांगली असताना ते मला पटत नाही. शनिवारी लातूरला जातोय, सगळं सामान एकाच चकरेत आणायचंय, पावसाचा नेम नाही.

केबल-स्लायडरचा सुटा संच बसवलेला कुणाचा वर्ष-दोन वर्षं टिकलाय का, की मोटार सोडून नुसता रेग्युलेटरच (रेल, केबल, स्लायडरसकट मशीनचा बाकी भाग) घ्यावा? आणि रेग्युलेटर रिव्हेटवर आहे. ते ड्रिलने काढून नट-बोल्ट लावले तर पुढे ढिले होऊन दार खडखडतं का?