विषय: कारने सायकलला धडक दिली तर काय करायचं (कॅलिफोर्निया)

प्रेषक: एक सभासद, सांता क्लारा

नमस्कार मंडळी,
मंडळाच्या शनिवारच्या सायकल गटात नवीन लोक येताहेत. काहींबरोबर भारतातून आलेले आई-वडीलही असतील. कारची धडक बसली तर नेमकं काय करायचं, हे कुणी एकदा नीट लिहून द्याल का? पोलिसांना बोलवायचंच का? उपचारांचा खर्च कोणाच्या इन्शुरन्सवर जातो? आणि गाडीवाला न थांबता निघून गेला तर?

---

प्रेषक: सायकल गट, सनीव्हेल

ताई, बरं झालं विचारलंत.

सगळ्यात आधी तोंडावर ताबा. आपला माणूस पडला की उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘काही नाही झालं, मी ठीक आहे.’ समोरचा ड्रायव्हर घाबरलेला असतो, त्याला धीर द्यावासा वाटतो. पण हेच वाक्य पोलीस रिपोर्टमध्ये जातं आणि दोन दिवसांनी मनगट सुजलं की इन्शुरन्सवाले तेच पुढे करतात. ‘सॉरी’ही नको. ‘मला किती लागलंय ते डॉक्टर सांगतील’ एवढंच म्हणा.

मानेच्या मध्यभागी, मणक्यावर दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर उठू नका आणि कुणाला उठवू देऊ नका. हेल्मेटही काढू नका. इतरांना गाड्या थांबवायला सांगा. चालता येत असेल तर कडेला व्हा, पण सायकल हलवण्याआधी आहे तिथे एक फोटो घ्या.

पोलिसांना बोलवायचंच. ९११ ला ‘कार आणि सायकलची धडक झाली आहे, माणूस जखमी आहे’ असं स्पष्ट सांगा, पाठोपाठ चौकाचं नाव. ‘छोटासा अपघात’ म्हटलंत तर कुणी न येण्याची शक्यता वाढते. ‘पोलीस कशाला, मी रोख देतो’ असं ड्रायव्हर म्हणाला तरी नाही म्हणा. किती लागलंय हे त्या क्षणी ना त्याला ठाऊक असतं ना तुम्हाला.

पहिला फोटो नंबर प्लेटचा, बाकी सगळं नंतर. मग ड्रायव्हरचं लायसन्स आणि इन्शुरन्स कार्ड: कंपनी, पॉलिसी नंबर, पॉलिसी कोणाच्या नावावर. गाडी चालवणारा आणि गाडीचा मालक वेगळे असतील तर दोघांची नावं. जखमी माणसासाठी थांबून मदत करणं आणि ही माहिती देणं ड्रायव्हरवर कायद्याने बंधनकारक आहे. त्यानंतर गाडीचा पोचा, सायकलवर लागलेला तिचा रंग, बाइक लेनची रेघ, सिग्नल आणि सूर्य कुठल्या बाजूला होता ते. साक्षीदार पाच मिनिटांत पांगतात. त्यांचा नंबर नुसता लिहून घेऊ नका, तिथल्या तिथे त्यावर मेसेज पाठवा, म्हणजे चुकीचा असेल तर लगेच कळेल.

पोलिसांना आपली बाजू तुम्ही स्वतः सांगा. ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेलात तर रिपोर्टमध्ये ड्रायव्हरचं एकट्याचंच म्हणणं उरतं. तशी वेळ आलीच तर रिपोर्ट नंबर विचारा आणि नंतर आपलं निवेदन त्यात जोडून घ्यायला सांगा. कुठल्या लेनमध्ये होतात, सिग्नल कुठला होता, गाडी कुठून आली, एवढंच सांगा. वेगाचा अंदाज विचारला आणि खात्री नसेल तर ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं.

कायदा कुठे आपल्या बाजूने आहे तेही माहीत असू द्या. ओलांडताना कारने किमान ३ फूट अंतर सोडायचं असतं, आणि २०२३ पासून शेजारची लेन मोकळी असेल तर लेन बदलूनच ओलांडायचं. पार्क केलेल्या गाडीचं दार मागून येणाऱ्याला बघून उघडण्याची जबाबदारी दार उघडणाऱ्याची. आपल्याला ओलांडून लगेच उजवीकडे वळणारी गाडी एल कमिनो या मोठ्या रस्त्यावर नेहमी दिसते. तिने वळण्याआधी बाइक लेनमध्ये शिरून आपल्या मागे यायला हवं, पण त्यासाठी २०० फुटांपेक्षा आधी त्या लेनमध्ये शिरायचं नाही. बाइक लेन आडवी कापून वळायची मुभा नाही.

आपली बाजू लंगडी कुठे पडते? अंधारात पुढचा पांढरा दिवा ३०० फुटांवरून आणि मागचा लाल रिफ्लेक्टर ५०० फुटांवरून दिसला पाहिजे. दोन्ही कानांत इयरफोन बेकायदा. कॅलिफोर्नियात दोष टक्क्यांत वाटला जातो: तुमच्याकडे २० टक्के आला तर भरपाई २० टक्क्यांनी घटते, पण पूर्ण बुडत नाही. म्हणून ‘चूक थोडी माझीही होती’ म्हणून दावाच सोडून देऊ नका.

सायकल दुरुस्त करू नका, पुसू नका, हेल्मेट फेकू नका. हेल्मेटचा फोम एकाच आघातासाठी असतो, वरून तडा दिसला नाही तरी ते बाद झालं. भरपाईच्या यादीत ते घाला आणि जुनं जपून ठेवा. दुकानातून लेखी एस्टिमेट घ्या. चाकाचा आणि डिरेलरच्या हँगरचा (मागचा गिअर ज्यावर बसतो तो तुकडा) वाक सगळेच बघतात, पण कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि स्टिअरर (फोर्कची हँडलकडे जाणारी नळी) काढून तपासायला आवर्जून सांगा. कार्बन बाहेरून गुळगुळीत दिसतो, आतले थर सुटलेले असतात आणि महिनाभराने ब्रेक दाबताना तुटतो.

जीपीएसची मूळ फाइल उतरवून ठेवा, तिच्यात वेग आणि वेळ सेकंदासेकंदाला असते. ॲपवर ती राइड सार्वजनिक ठेवू नका. आसपासच्या दुकानांचे आणि दारावरचे कॅमेरे, पार्क केलेल्या टेस्ला, या सगळ्यांचं रेकॉर्डिंग लवकर पुसलं जातं, त्यामुळे त्याच दिवशी जाऊन मागा.

---

प्रेषक: एक डॉक्टर सभासद, फ्रीमाँट

नमस्कार,
वरच्या मेलमध्ये वैद्यकीय बाजूची भर घालते.

रक्त पातळ करणारी गोळी (वॉर्फरिन, अपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल) चालू असलेल्या माणसाचं डोकं आपटलं, तर तो कितीही ठीक दिसला तरी इमर्जन्सीत न्यायचा. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनी डोकं वर काढतो. आई-बाबांच्या गोळ्यांची यादी फोनमध्ये ठेवा. ‘बीपीची एक पांढरी गोळी’ यावरून इथल्या डॉक्टरला काही बोध होत नाही.

बाकीच्यांसाठी: शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, तोच प्रश्न परत परत विचारला, झोपेतून नीट जागं होत नसेल, तर थांबायचं नाही. डोक्याला मार असेल तर तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा. टायलेनॉल, म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, चालेल.

हँडलचं टोक पोटात घुसलं असेल, विशेषतः मुलांच्या, तर बाहेर छोटासा व्रण आणि आत प्लीहा किंवा यकृताला इजा, असं होऊ शकतं. पोट किंवा डावा खांदा दुखत असेल, चेहरा पांढरा पडत असेल तर लगेच न्या.

हात टेकून पडलेल्यांनी अंगठा ताठ करून त्याच्या मुळाशी पडणारा खळगा दाबून बघावा. तिथे दुखत असेल तर स्कॅफॉइड हे मनगटातलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही. स्प्लिंट (आधाराची पट्टी) घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. या हाडाला रक्तपुरवठा कमी असल्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. मळलेल्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन ५ वर्षांत झालं नसेल तर घ्या.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तरी तपासून घ्या आणि दुखणारा प्रत्येक भाग डॉक्टरला लिहायला लावा. पहिल्या दिवशीच्या कागदावर गुडघा नसेल, तर तीन आठवड्यांनी ‘गुडघाही तेव्हाच दुखावला’ हे पटवणं जड जातं. खरचटल्याचे फोटो रोज काढा, आठवड्याभरात ते भरून येतात.

---

प्रेषक: एक सभासद, सॅन रमोन (इन्शुरन्स क्लेम्सचं काम)

मंडळी,
ताईंच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

दोषी ड्रायव्हरची इन्शुरन्स कंपनी प्रत्येक बिल येईल तसं भरत नाही. उपचार संपल्यावर एकदाच ठोक रक्कम देते. म्हणून उपचार आपल्या हेल्थ इन्शुरन्सवरच सुरू करा. त्यांच्याकडून ‘हे अपघातामुळे झालं का’ असं विचारणारं पत्र येतं, त्याला उत्तर द्या, नाहीतर बिलं अडकतात. भरपाई मिळाली की त्यातून ते आपले पैसे परत मागू शकतात. हे तडजोडीचा आकडा ठरवण्याआधी हिशोबात धरा.

समोरच्या कंपनीचा ॲडजस्टर (दावा हाताळणारा माणूस) एक-दोन दिवसांत फोन करतो, गोड बोलतो आणि रेकॉर्डेड स्टेटमेंट मागतो. ते द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. दावा क्रमांक घ्या, सायकलचं एस्टिमेट पाठवा, दुखापतीबद्दल ‘उपचार चालू आहेत’ म्हणा. सायकलचे पैसे आधी वेगळे घेता येतात, पण त्या कागदावर ‘सर्व दावे’ असं लिहिलेलं असेल तर सही नको. सही झाली की दुखापतीचा दावाही संपला. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या कार पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर, म्हणजे यूएम (समोरच्याकडे इन्शुरन्स नसेल किंवा तो पळून गेला तर आपलीच कंपनी पैसे देते ते), तुम्ही सायकलवर असतानाही लागू होतं: तुम्हाला, जोडीदाराला आणि त्याच घरात राहणाऱ्या नातेवाइकांना. पॉलिसी घेताना हप्ता कमी करायला पुष्कळ लोक ते सही करून नाकारतात आणि नंतर त्यांच्या लक्षातही नसतं.

धडक देऊन गाडी पळाली तर यूएमसाठी अटी कडक आहेत. पोलिसांना २४ तासांच्या आत कळवलं पाहिजे. त्यानंतर ३० दिवसांत आपल्या कंपनीला शपथेवर लेखी निवेदन दिलं पाहिजे. आणि गाडीचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला असला पाहिजे. कट मारल्यामुळे तोल जाऊन पडलात आणि गाडी लागलीच नाही, तर हे कव्हर मिळत नाही. म्हणून सायकलवर लागलेला रंग पुसू नका असं वर लिहिलंय, तो स्पर्शाचा पुरावा आहे. दोन वर्षांच्या आत लवादाची लेखी मागणी पोचली पाहिजे, नुसती फोनवर बोलणी चालू असणं पुरत नाही.

ड्रायव्हरकडे इन्शुरन्स आहे पण अपुरा आहे, असं फार होतं. १ जानेवारी २०२५ पासून निघालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसींना किमान मर्यादा एका माणसामागे ३०,००० डॉलर आहे, आधी ती १५,००० होती. एका शस्त्रक्रियेत ती संपते. वरचा भाग अंडरइन्शुअर्ड कव्हर देतं, पण कॅलिफोर्नियात ते फरकापुरतंच: तुमचं कव्हर १,००,००० आणि त्याचे ३०,००० असतील तर तुमच्याकडून जास्तीत जास्त ७०,०००. तुमचंही ३०,०००च असेल तर शून्य. म्हणून किमान मर्यादेवर समाधान मानू नका. मेडिकल पेमेंट्स नावाचं छोटं कव्हर बहुतेक पॉलिसींत सायकलवरही चालतं आणि दोष कोणाचा हे न बघता पैसे देतं.

दाव्याची मुदत दुखापतीसाठी २ वर्षं, सायकलच्या नुकसानीसाठी ३. सरकारी बस किंवा रस्त्यातला खड्डा कारण असेल तर मात्र ६ महिन्यांत लेखी दावा, आणि तोही योग्य कचेरीत: फूटहिल एक्स्प्रेसवे काउंटीचा आहे, एल कमिनोचा बराचसा भाग राज्याचा. फक्त सायकलच मोडली असेल आणि कंपनी अडून बसली तर १२,५०० डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट) वकिलाशिवाय जाता येतं. हाड मोडलं असेल तर वकील बघा. सहसा ते एक तृतीयांश घेतात, पैसे मिळाले तरच.

---

प्रेषक: एक सभासद, सांता क्लारा

दादा, दोन शंका. ज्यांच्याकडे कारच नाही त्यांनी काय करायचं? आणि पाहुणे म्हणून आलेले आई-वडील? एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने दावा केला तर व्हिसाला काही होईल का, असंही एकजण विचारतोय.

---

प्रेषक: एक सभासद, सॅन रमोन

ताई, अपघातात जखमी होऊन भरपाई मागणं हा व्हिसाचा विषयच नाही. हक्क सगळ्यांना सारखाच.

कार नसलेल्यांना ‘नॉन-ओनर’ ऑटो पॉलिसी मिळते. घेताना तिच्यात यूएम आहे का ते विचारून घ्या. भाड्याच्या घराच्या इन्शुरन्समधलं लायबिलिटी कव्हर, तुमच्या सायकलने पायी चालणाऱ्याला लागलं तर सहसा कामी येतं, पण कारने तुम्हाला उडवलं तर ते काही देत नाही.

आई-वडील चार महिन्यांसाठी आलेले असतील तर ‘घरात राहणारे नातेवाईक’ यात ते बसतीलच असं धरू नका, कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये ठरावीक आकड्यांचा प्लॅन टाळा: इमर्जन्सीला इतके, एक्स-रेला इतके असे तो मोजून देतो आणि बाकीचं बिल आपल्यावर. इन्शुरन्स नसला तरी इमर्जन्सीत तपासून प्रकृती स्थिर करणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे, तेव्हा पैशाच्या भीतीने आईला घरी आणू नका. उत्पन्न इथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर बिलात सवलत मागता येते. तो अर्ज हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाकडे मिळतो.

---

प्रेषक: सायकल गट, सनीव्हेल

शनिवारी निघण्याआधी १५ मिनिटं हेच काम करू. प्रत्येकाने आपल्या ऑटो पॉलिसीचं डेक्लरेशन पान (कव्हरांची यादी असलेलं पान) फोनवर उघडून आणा आणि त्यात ‘अनइन्शुअर्ड मोटरिस्ट’ समोर काय लिहिलंय ते बघा. ‘रिजेक्टेड’ असेल तर सोमवारी एजंटला फोन करा. दिव्यांची चार्जिंग करून या. जास्तीचे दोन मागचे दिवे माझ्याकडे आहेत, ज्यांच्याकडे नसतील त्यांनी आधी कळवा.