आयाम पांगांग: वरून काळं, हाडाजवळ लाल. कुठे चुकतंय?

पातेलंभर
इंडोनेशियन पद्धतीचं आयाम पांगांग, म्हणजे भाजलेलं चिकन, ओटीजीत करायचंय. १ किलो लेग पीस. मॅरिनेशनला सोया सॉस, गूळ, आलं-लसूण, लाल मिरची, दोन लिंबांचा रस, रात्रभर फ्रिजमध्ये. मग २२० अंशांवर ४५ मिनिटं. विसाव्या मिनिटालाच वरचा भाग काळा, हाडाजवळ लालसर, ट्रेमध्ये पाणी आणि त्यात जळून चिकटलेला गूळ. केचाप मानिस, म्हणजे तिकडचा गोड दाट सोया सॉस, इथे मिळत नाही. तापमान कमी करू की वेळ?

उंगकेप
दोन्ही नंतर. जावामध्ये हे चिकन सहसा कच्चं ओव्हनमध्ये जात नाही. आधी मसाल्यात झाकून शिजवतात, त्याला उंगकेप म्हणतात. ओव्हनचं किंवा निखाऱ्याचं काम फक्त रंग आणि धुरकट चव देण्याचं. गूळ १६० अंशांच्या पुढे करपायला लागतो आणि लेग पीसला आतून शिजायला अर्धा-पाऊण तास हवा. या दोन गोष्टी एका ट्रेमध्ये जमणार कशा?

१ किलोला वाटण: सांबाराचे छोटे कांदे १०, लसूण ६ पाकळ्या, भाजलेले काजू ७-८, धणे १ चमचा, ओली हळद आणि आलं प्रत्येकी १ इंच. २ मोठे चमचे तेलात मंद आचेवर परता. कच्चा वास जाऊन कडेने तेल सुटेपर्यंत थांबा; इथे घाई केली की कांद्याचा उग्रपणा शेवटपर्यंत राहतो. मग ठेचलेला गवती चहा २ काड्या, गलांगल (आल्यासारखं दिसणारं सुगंधी मूळ) २ इंच, चिंचेचा कोळ १ मोठा चमचा, केचाप मानिस ३ मोठे चमचे, नारळपाणी ४०० मिली. चिकन घालून झाकण, मंद आच, २५ मिनिटं. मध्ये एकदा उलटा. तुकडे काढून ठेवा आणि उरलेला रस चमच्याच्या पाठीला चिकटेल इतका आटवा.

तुकडे १५ मिनिटं उघडे ठेवून कोरडे होऊ द्या, नाहीतर लेप घसरतो. आटवलेल्या रसात केचाप २ चमचे आणि तेल १ चमचा मिसळा. जाळीवर मधला कप्पा, खाली फॉइल, २०० अंश, साधारण २० मिनिटं. सुरुवातीला, आठव्या आणि चौदाव्या मिनिटाला ब्रश फिरवा. कडेला काळे ठिपके यायलाच हवेत, सलग काळा थर नको.

रात्रभर मुरवण्यानेही फार साधत नाही. मीठ आत जातं, गूळ आणि मसाला पृष्ठभागावरच राहतो, आणि दोन लिंबांनी वरचं मांस पिठूळ होतं. हाडाजवळचा लाल रंग म्हणजे कच्चंच असं नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला मगज रंग सोडतो. थर्मामीटर हाडाला न टेकवता खुपसून बघा: ७४ ला सुरक्षित, पण मांडीचं मांस ८०-८२ ला खरं मऊ होतं.

माडाचागूळ
केचाप मानिस घरी होतो. सोया सॉस १०० मिली, गूळ १३० ग्रॅम, अर्धं चक्रीफूल, ठेचलेल्या २ लसूण पाकळ्या. मंद आचेवर ८-१० मिनिटं, मग गाळा. गरम असताना पातळच दिसायला हवा. कढईतच मधासारखा झाला तर गार झाल्यावर दगड होतो. गोव्याकडचा माडाचा गूळ मिळाला तर उत्तम, कारण तिकडचा गूळ, गुला जावा, हाही बहुतेकदा नारळाच्या माडाच्या रसाचाच असतो. सोया सॉसच्या बाटलीवर व्हिनेगर लिहिलंय का ते बघून घ्या, त्याने हा केचाप आंबट होतो. सोया खारट, म्हणून वाटणात मीठ घालू नका. आटवल्यावर चाखून ठरवा.

जवळाभाजून
या पदार्थात सालाम नावाचं इंडोनेशियन सुगंधी पानही घालतात. त्याऐवजी तमालपत्र घालू नका, वास अगदी वेगळा. नसलं तर नसू दे. गवती चहाची हिरवी पाती चहालाच ठेवा. इथे मुळाकडचा पांढरट ४ इंचांचा दांडा लागतो. काजू हे कमिरीच्या, म्हणजे कँडलनट या तेलकट बीच्या जागी आहेत. खरी कमिरी मिळाली तर ती कच्ची चाखू नका, पोट बिघडतं, परतल्यावर ठीक.
तिखट हवं असेल तर लोम्बोक बेटावरचं तालिवांग चिकन करा: त्यात केचाप जवळपास नसतोच, लाल मिरच्या दुप्पट-तिप्पट आणि तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. तिच्या जागी सुका जवळा कोरडा भाजून १ चमचा पूड. आंबवल्याची खोली येत नाही, पण समुद्र येतो.

पातेलंभर
आमच्याकडे चिकन स्किनलेसच मिळतं. मग?

उंगकेप
उंगकेप २० मिनिटंच करा, लेपात तेल २ चमचे, ओव्हनमध्ये १२-१४ मिनिटं. ओटीजीचा नुसता वरचा रॉड शेवटची ३ मिनिटं, तेही दारापाशी उभं राहून. आणि कच्चं चिकन ज्यात मुरलं तो मसाला न उकळता ब्रशने कधीच लावू नका.