डुलाली म्हणजे काय हो?

प्रश्न: कळंगुटला आमच्या तीन खोल्या भाड्याने देतो. काल भर दुपारी वीज गेली. मँचेस्टरची आजी ओल्या टॉवेलने वारा घेत म्हणाली, "आय ॲम गोइंग डुलाली!" मला वाटलं फिरायला निघाली. विचारलं, पायलट, म्हणजे आमचा मोटारसायकल-टॅक्सीवाला, बोलावू? मोटारसायकल पाहून हसतच सुटली.

उत्तर: अहो ताई, ती आपली नाशिकजवळची देवळाली! तिथल्या छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने रिकामे बसायचे. डोकं फिरणारच. म्हणून 'गोइंग डुलाली' म्हणजे वेड लागणं. मूळ शब्द 'डुलाली टॅप'. टॅप म्हणजे ताप.

उत्तर: इंग्रज मायदेशाला 'ब्लायटी' म्हणतात, तेपण आपलंच, विलायतीवरून.

प्रश्नकर्ती: अगो बाई! माझी नणंद देवळालीतच दिलीय. तिला हे सांगू कसं?