प्रतिसाद: रजिस्ट्रार बदलला तरी घाऊक भाव तोच

"एकाने भाव वाढवले तर दुसऱ्याकडे जायचं, बाजार खुला आहे," हे डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, वार्षिक शुल्काबद्दलचं म्हणणं मला पटत नाही. आपण बदलतो तो रजिस्ट्रार, म्हणजे किरकोळ विक्रेता. .कॉमने संपणाऱ्या नावांची मूळ नोंदवही एकट्या व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे आणि तिचा घाऊक दर प्रत्येक रजिस्ट्रारला भरावाच लागतो. हा दर 2012 पासून नावामागे वर्षाला 7.85 डॉलरवर गोठवलेला होता. 2018 मध्ये अमेरिकी सरकारने व्हेरिसाइनशी असलेला करार सैल केला आणि दर सहा वर्षांपैकी शेवटच्या चार वर्षांत दरवर्षी 7 टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा दिली. व्हेरिसाइनने ती चारही वर्षं पुरेपूर वापरली: 2021 मध्ये 8.39, मग 8.97, 9.59 आणि सप्टेंबर 2024 पासून 10.26 डॉलर.

रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्याची पाटी, ईमेल, बिलबुकं सगळी त्या नावावर आहेत, तो जाणार कुठे?

सामाजिक संस्था वापरतात त्या .ऑर्ग नावांची गोष्ट तर जास्त चीड आणणारी. 2019 मध्ये हजारो लोकांनी लेखी विरोध केला, तरी इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्यावरची दरमर्यादा काढून टाकली. काही महिन्यांतच .ऑर्गची नोंदवही चालवणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचा घाट घातला गेला. संस्थांनी जोर लावला, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी पत्र लिहिलं, तेव्हा कुठे 30 एप्रिल 2020 ला आयकॅनने त्या विक्रीला परवानगी नाकारली. दरमर्यादा मात्र परत आली नाही.

.कॉमच्या दरवाढीआधी सहा महिने सूचना द्यावी लागते. तेवढ्यात जुन्या दराने एकूण दहा वर्षांपर्यंत नूतनीकरण करून घेता येतं, ते जरूर करा.