सणाचं ताट आणि साखर: सोलापूरकरांचे अनुभव

संक्रांत तोंडावर आली. होम मैदानावर गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेचे, पाळणे उभे राहायला लागले की घरोघरी तीळ भाजल्याचा वास सुटतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो. मला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी हळदीकुंकवाला कुठे गेलेच नाही. दुसऱ्या वर्षी गेले आणि "एकानं काय होतंय, तोंड गोड करा" असं म्हणत प्रत्येक घरी एकेक वडी खाल्ली. नऊ घरं झाली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर २४१. भीतीनं रडूच आलं.

आता पर्समध्ये स्टीलची छोटी डबी असते. तिळगूळ हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा, डबीत ठेवायचा. रात्री जेवण झालं की त्यातली एक वडी सावकाश खायची. भोगीचा दिवस मात्र मला मनापासून आवडतो. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं, पावटा, ओला हरभरा, गाजर घातलेली भाजी. त्या दिवशी माझं ताट आणि घरच्यांचं ताट वेगळं नसतं.

तुम्ही सणाला काय करता? जमलेलं लिहा, चुकलेलंही लिहा. फक्त गोळीचा किंवा इन्सुलिनचा डोस दुसऱ्याचं वाचून बदलू नका, तो आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

विडी घरकुल, यंत्रमाग कामगार

गोडापेक्षा उपवासानं आमची झोप उडवली. अम्मा विड्या वळते. नवरात्रात तिनं नऊ दिवसांचा उपवास धरला, पण सकाळची मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालूच ठेवली. वर नुसता चहा. तिसऱ्या दिवशी दुपारी सुपासमोर बसलेली असताना तिला विडीला दोरा गुंडाळता येईना. बोटं थरथरत होती, कपाळावर घामाचे थेंब, आणि बोलणं विसंगत. शेजारच्या अक्कांनी साखर तपासायचं मशीन आणून बघितलं: ५४, म्हणजे साखर फार खाली. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ७० च्या वर आली, मग थोडं खायला दिलं. माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडातून द्यायचं, नाहीतर दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी नंतर बजावलं. ही गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर खाली जाते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता अम्मा उपवासाच्या आधी डॉक्टरांकडे जाते. बतुकम्माची, म्हणजे आमच्या तेलुगू लोकांच्या नवरात्रातल्या फुलांच्या सणाची, फुलं मात्र पूर्वीइतक्याच हौसेनं रचते.

विजापूर वेस, फळविक्रेता

रोज्याचंही तसंच आहे, भाऊ. मी रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटतो, गोळ्यांच्या वेळा तेच लावून देतात. त्यांनी दोन आकडे पाठ करून घेतलेत: ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा. बोट टोचून रक्त तपासल्यानं रोजा मोडत नाही, हे आमच्या मौलानांनी सांगितल्यावर मनावरचं ओझं उतरलं. सेहरी शक्य तितकी उशिरा. इफ्तारला एक खजूर, भरपूर पाणी, मग डाळ आणि भाजी. ईदला शीरखुर्मा सोडवत नाही, पण सकाळी पहिल्या घरी अर्धी वाटी घेतली की पुढच्या सगळ्या घरी सांगतो, "माझा झाला." आता लोक ऐकतात.

जुळे सोलापूर, कॉलेजची विद्यार्थिनी

मला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, वयाच्या नवव्या वर्षापासून. माझं दुःख गोड खाण्याचं नाही. पंगतीत पुरणपोळी वाढत येतात आणि माझ्यापाशी आल्यावर आत्या मोठ्यानं म्हणते, "हिला नको गं, हिला शुगर आहे." सगळं घर माझ्याकडे बघतं. खरं तर मी पोळीत साधारण किती कर्बोदकं आहेत ते मोजते, डॉक्टरांनी शिकवलंय तसं त्याचं इन्सुलिन घेते आणि एक पोळी तुपासोबत खाते. मागच्या दिवाळीत मी आत्याला जवळ बसवून पेन, सुई, मशीन सगळं दाखवलं. तिनं माझा हात धरून ठेवला होता. यंदा पाडव्याला तिनं गुपचूप विचारलं, "इंजेक्शन घेतलंस? मग वाढू?"

अक्कलकोट तालुका, शेतकरी

आमची येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण. दरवर्षी सगळे पाहुणे शेतात. दोन वर्षांपूर्वी आल्या आल्या आधी गव्हाची खीर खाल्ली, मग बाकीचं. दोन तासांनी साखर २६८. गेल्या वर्षी क्रम बदलला. आधी भज्जी, म्हणजे मिसळीची पातळ भाजी, दोन वाट्या, त्यात डाळी, हिरवे दाणे, पालेभाजी सगळं असतं. मग एक उंडा, म्हणजे पिठाचा उकडलेला गोळा, ताकाची आंबिल, आणि शेवटी खीर दोन चमचे. जेवल्यावर झाडाखाली आडवं न होता बांधाबांधानं अर्धा तास चाललो, नातवाला हरभऱ्याचे घाटे दाखवत. १७२ आली. माझ्या अंगाचं सांगतोय, प्रत्येकाचं वेगळं असेल.

सात रस्ता, बँक कर्मचारी

"शुगर फ्री" लिहिलेली मिठाई घेऊन निर्धास्त चार तुकडे खाल्ले होते. साखर वाढवणारा खवा आणि मैदा त्यात होताच. गुळाचंही तेच, त्यानंही साखर वाढतेच. गूळ साखरेपेक्षा चालतो या समजुतीवर मी दोन वर्षं घालवली.

मंगळवार पेठ, गृहिणी

मी वाढणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. माझ्या सासऱ्यांना मधुमेह होता आणि मी आग्रह करकरून त्यांच्या ताटात हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, घातली. प्रेमच होतं ते. पुढे त्यांच्या पायाची जखम भरेना, तेव्हा मला त्या एकेक वाटीची आठवण यायची. आता आमच्याकडे सणाला पोळ्या तळहाताएवढ्या करते, गोड वाढताना आधी विचारते आणि "नको" म्हटलं की पळी तशीच पुढे नेते.

डबीवाल्या ताई, यंदा हळदीकुंकवाला आमच्याकडे या. बशीत भाजलेले तीळ, कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी ठेवते.