माणसांच्या सेवेला सर्वात कमी दराची निविदा का लावायची?

मेघमल्हार (धागाकर्ती)

बेघरांसाठी रात्रनिवारा, व्यसनमुक्ती, तुरुंगातून सुटलेल्यांचं पुनर्वसन, घरात एकटे राहणारे वृद्ध, मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना आसरा. जगभरातली सरकारं ही कामं आता मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवी संस्थांकडून करवून घेतात. त्याला माझा विरोध नाही. ती ज्या पद्धतीने करवून घेतली जातात, तिला आहे.

पूर्वी संस्था काम करायची आणि सरकार अनुदान द्यायचं. १९८० नंतर हळूहळू कराराची पद्धत आली, ब्रिटनमध्ये तर फारच जोरात. कोणती सेवा, किती जणांना, किती दिवस, हे सगळं सरकारने आधीच ठरवायचं, मग निविदा काढायची आणि ज्याचा दर कमी त्याला काम द्यायचं. खुर्च्या किंवा सिमेंट घेताना हे ठीक आहे, कारण मालाचा दर्जा आधी तपासून घेता येतो.

व्यसनमुक्तीच्या कामात काय घडतं ते बघा. करारात लिहिलेलं असतं: पंचेचाळीस मिनिटांचं एक सत्र, माणशी अमुक सत्रं, सत्रामागे अमुक दर. प्रत्यक्षात एखादा माणूस कित्येक आठवडे नुसता येऊन दाराशी बसतो. आत येत नाही, बोलत नाही. कार्यकर्ता रोज जाता-येता त्याची विचारपूस करतो. एक दिवस तो म्हणतो, "डॉक्टरकडे जायचंय, सोबत येता का?" मग सकाळपासून दोघं दवाखान्याच्या रांगेत. तो माणूस सावरायला लागतो तो इथून. या दिवसाचा रकाना करारातल्या तक्त्यात कुठेच नसतो, त्यामुळे त्याचे पैसेही मिळत नाहीत. दर पाडून निविदा जिंकणारी संस्था सर्वात आधी हाच दिवस कापते, कारण तो कापला तरी अहवालात काही कमी दिसत नाही.

शिवाय अर्जातच चाळण लागते. तीन वर्षांची उलाढाल, अनामत रक्कम, बँक हमी, तसंच काम पूर्वी केल्याचे दाखले. वस्तीत वर्षानुवर्षं मुरलेली छोटी संस्था तिथेच बाद होते.

माझं म्हणणं असं की माणसांशी दीर्घ संबंध ठेवून करायच्या सेवांना दराची स्पर्धा लावूच नये. संस्था आणि सेवा घेणारे लोक यांना सोबत बसवून गरज काय आहे ते ठरवावं, पूर्ण खर्च द्यावा आणि करार किमान पाच-सात वर्षांचा करावा. इटलीत हे कायद्यातच आहे. तिथल्या सेवाभावी क्षेत्रासाठीच्या २०१७ च्या संहितेच्या कलम ५५ नुसार प्रशासन आणि सेवाभावी संस्था मिळून गरजा ठरवू शकतात आणि कार्यक्रम आखू शकतात. २०२० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने, निकाल क्रमांक १३१ मध्ये, हा बाजारापेक्षा वेगळा आणि वैध मार्ग असल्याचं सांगितलं. म्हणजे निविदेवाचून दुसरा मार्गच नाही, असं काही नाही.

हिशोबी

साफ असहमत.

अनुदानाच्या जुन्या काळाबद्दल फार हळवं होऊन लिहिलंय तुम्ही. तेव्हा पैसे कोणाला मिळायचे? ज्यांची मंत्र्यांकडे ऊठबस होती त्यांना. त्याच त्या संस्था, त्याच विश्वस्तांची पुढची पिढी, आणि "आम्ही सेवा करतो" म्हटलं की हिशोब विचारायची सोय नाही. जो पैसा वाटला जातो तो करदात्यांचा आहे. तो तुम्हालाच का दिला आणि शेजारच्या संस्थेला का नाही, याचं लेखी उत्तर सरकारला देता आलं पाहिजे. निविदा ते उत्तर देते. "सोबत बसून ठरवू" म्हणजे जे आधीच टेबलाशी बसलेत तेच ठरवणार. तुम्हाला ज्यांची काळजी आहे ती नवी, छोटी संस्था तिथेही बाहेरच राहील.

दुसरं, करार करून आणि निष्पत्ती मोजून कामं सुधारल्याची उदाहरणं आहेत. कंबोडियात १९९९ पासून काही जिल्ह्यांची आरोग्यसेवा कराराने बिनसरकारी संस्थांकडे दिली आणि लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या असे आकडे ठरवून तपासले. करारातल्या जिल्ह्यांची प्रगती तुलनेच्या जिल्ह्यांपेक्षा चांगली निघाली. इंग्लंडमध्ये पीटरबरोच्या तुरुंगातून सुटणाऱ्यांसाठी २०१० मध्ये निकालावर पैसे देणारी योजना आली. खर्च आधी गुंतवणूकदारांनी करायचा, आणि गुन्ह्यांचं प्रमाण ठरल्याइतकं घटलं तरच सरकारने त्यांना पैसे द्यायचे. तुलनेच्या गटापेक्षा ९ टक्के घट झाली आणि गुंतवणूकदारांना पैसे परत मिळाले. मोजल्याशिवाय हे कळलं असतं का?

आणि निविदा म्हणजे सर्वात कमी दर हे समीकरण कोणी सांगितलं? गुणवत्तेला सत्तर गुण आणि दराला तीस ठेवा. ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने सेवा खरेदी करताना सामाजिक लाभाचा विचार करणं बंधनकारक केलंय. निविदेचा मसुदा वाईट असेल तर मसुदा लिहिणाऱ्याला धरा.

मेघमल्हार

पीटरबरोचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण ते माझ्या बाजूचं आहे. निकालाची जोखीम तिथे गुंतवणूकदारांनी घेतली होती. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थांना पैसे आधी मिळत होते. आणि निकाल मोजला तो बारा महिन्यांहून कमी शिक्षा भोगून सुटलेल्या अख्ख्या गटाचा. जो मदत घ्यायला आलाच नाही, तोसुद्धा त्या हिशोबात होता. त्यामुळे सोपी माणसं वेचून घेण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

आता त्याच्या उलट उदाहरण. २०११ मध्ये ब्रिटनने बेरोजगारांसाठी 'वर्क प्रोग्रॅम' आणला. १८ मुख्य कंत्राटदार, बहुतेक खाजगी कंपन्या, आणि सेवाभावी संस्था त्यांच्या हाताखाली उपकंत्राटदार. माणूस नोकरीत साधारण सहा महिने टिकला की मोठी रक्कम मिळायची, अगदी अडचणीतल्यांसाठी तीन महिने. तोवर पगार, भाडं, प्रवास सगळं संस्थेने सोसायचं. मोठ्या कंपनीला हे जमतं. छोट्या संस्थेकडे गंगाजळी किती असणार? अशा योजनांमध्ये काय होतं ते आता सर्वांना माहीत आहे: जो कसाही नोकरीला लागलाच असता त्याच्यावर मेहनत घेतली जाते, आणि आजारी, अपंग, बरीच वर्षं घरी बसलेला माणूस यादीत नुसता पडून राहतो.

गुणांचं म्हणाल, तर सत्तर-तीस कागदावर असतात. गुणवत्तेच्या सत्तरात सगळे साठ-पासष्ट मिळवतात, कारण प्रस्ताव लिहिणारे व्यावसायिक सल्लागार असतात. शेवटी फरक पडतो तो दरानेच.

सरकारी_बाक

तुम्ही दोघं एकाच चौकटीत भांडताय. हे काम बाहेर द्यायचंच कशाला?

आसरा, उपचार, संरक्षण हे नागरिकांचे हक्क आहेत. हक्काची जबाबदारी सरकारची, आणि ती करार करून झटकता येत नाही. मेघमल्हार, पीटरबरोचं पुढे काय झालं तेही सांगा. २०१४ मध्ये सरकारने इंग्लंड आणि वेल्समधली परिवीक्षा सेवाच (सुटलेल्या किंवा तुरुंगाबाहेर शिक्षा भोगणाऱ्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारी) फोडली आणि कमी व मध्यम धोक्याच्या गुन्हेगारांचं काम २१ कंपन्यांना दिलं. त्यापायी पीटरबरोच्या योजनेतली सुटणाऱ्यांची तिसरी तुकडी रद्द झाली. सेवाभावी संस्थांना मोठा वाटा मिळणार असं सांगितलं होतं, मिळाला किरकोळ. शेवटी करार मुदतीआधी गुंडाळले आणि २०२१ च्या जूनमध्ये सगळं पुन्हा सरकारकडे आलं. दरम्यान अनुभवी माणसं निघून गेली ती गेलीच.

अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत आरोग्यसेवा कराराने बिनसरकारी संस्थांकडे होती, पैसा परदेशी देणगीदारांचा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सत्ता बदलली, निधी थांबला आणि हजारो केंद्रांमध्ये पगार आणि औषधांचे वांधे झाले.

आपल्याकडची १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली, संस्थांच्या जाळ्यातून देशभर पसरली आणि २०२३ पासून सरकारी यंत्रणेकडे गेली. योग्य झालं असं माझं मत आहे. मूल संकटात असेल तर उत्तर द्यायला यंत्रणा सरकारची हवी, पगार नियमित हवेत. कराराच्या साखळीत सर्वात खालचा माणूस नेहमी कार्यकर्ता असतो, आणि दर पाडला की त्याचाच पगार पडतो. त्याबद्दल या धाग्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

ताराबाई_हिशेबखाते

मी एका संस्थेत हिशेब बघते, म्हणून त्या बाजूने लिहिते.

पैसे मिळण्याची रीत अशी. करार होतो. पहिला हप्ता "लवकरच" येतो. काम मात्र पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं, कारण निवाऱ्यातल्या बायकांना हप्ता आल्यावर या असं सांगता येत नाही. मग दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे तात्पुरते वळवायचे, तेही नियमात बसत नाही म्हणून धास्ती. आर्थिक वर्ष संपत आलं की मोठा हप्ता एकदम येतो आणि उरलेल्या थोड्या दिवसांत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्या म्हणतात. प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. एका विभागाने आमचा हप्ता असाच अडकवला होता; आक्षेप होता की प्रवासखर्चाच्या पावतीवर सही निळ्या शाईत नाही.

आणि "प्रशासकीय खर्च". सगळ्यांना वाटतं तो शून्याच्या जवळ असावा. पण हिशेब ठेवणारी बाई, लेखापरीक्षण, वीज, कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण, कोणी रजेवर गेलं तर बदली माणूस, हे सगळं त्यातच येतं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या निधीत ज्या संस्थांनी प्रशासकीय खर्चाचा दर वाटाघाटीने ठरवून घेतलेला नसतो, त्यांना २०१४ च्या नियमांनुसार सरसकट १० टक्के घेता येत होते. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते १५ झाले. सरकारलाच कबूल करावं लागलं की १० अपुरे होते.

हिशोबी, तुम्हाला काटेकोर हिशोब हवाय, मलाही हवाय. मग तो ठेवायला माणूस लागतो एवढं तरी धरा.

वाटसरू_७७

पैशाइतकाच महत्त्वाचा मुद्दा म्हणजे आवाज. करार घेतलेली संस्था त्याच खात्यावर टीका करू शकते का? ब्रिटिश सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं होतं की अनुदानाचा पैसा सरकारी धोरणावर प्रभाव टाकण्यासाठी वापरता येणार नाही. ओरड झाली आणि एप्रिलमध्ये ते कलम स्थगित करावं लागलं. पण बऱ्याच ठिकाणी लेखी कलमाची गरजच नसते, पुढच्या करारावर डोळा असला की संस्था आपणहून गप्प बसते.

मेघमल्हार

सरकारी_बाक, पगाराचा मुद्दा मान्य. माझ्या मूळ लेखात तो हवा होता आणि "पूर्ण खर्च" म्हणताना मी तोच धरते: सरकारी कर्मचाऱ्याच्या तोडीचा पगार धरून दर काढा.

पण सगळं सरकारने करावं हे पटत नाही. काही माणसं सरकारच्या दारात जात नाहीत, त्यांना तिथे पोलीस दिसतात. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषांनी स्वतःची संस्था काढून एड्ससाठी फोनवर मदत सुरू केली, त्याच वर्षी लंडनमध्ये टेरेन्स हिगिन्स यांच्या मित्रांनीही तशी संस्था काढली. आजाराला अजून नीट नावही नव्हतं आणि सरकारं हललेली नव्हती. लोकांनी फोन केले कारण पलीकडे त्यांच्यातलाच माणूस होता. हा विश्वास सरकारी भरतीने तयार होत नाही. तो जिथे आहे तिथे सरकारने पैसा न्यावा, आणि तो नेताना मोडू नये.

हिशोबी

बरं. पीटरबरोबद्दल तुमचा तपशील बरोबर आहे; जोखीम छोट्या संस्थेवर टाकू नये हे मला मान्य. हप्ते आगाऊ द्या, प्रशासकीय खर्च द्या, त्यालाही हरकत नाही.

पण सात वर्षांचा करार बिनस्पर्धेचा? त्यात संस्था आळसावली तर काय? युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात काही सामाजिक आणि आरोग्य सेवांचे करार सेवाभावी ध्येय असलेल्या, नफा पुन्हा कामातच घालणाऱ्या संस्थांसाठी राखून ठेवता येतात. पण कमाल मुदत तीन वर्षं, आणि त्याच खात्याकडून त्याच सेवेचा तसा करार मागच्या तीन वर्षांत मिळालेला नसावा ही अट. मला हे शहाणपणाचं वाटतं. दार सगळ्यांना आलटूनपालटून उघडं राहतं.

मेघमल्हार

आळसावलेल्या संस्थेचा करार मध्येच संपवता आला पाहिजे, याबद्दल वाद नाही. प्रत्येक करार आणि प्रत्येक तपासणी अहवाल संकेतस्थळावर टाका, तपासणीच्या समितीत सेवा घेणारे लोक बसवा आणि तिसऱ्या वर्षी कसून परीक्षा घ्या. पण चांगलं काम चाललेलं असताना केवळ तीन वर्षं झाली म्हणून संस्था बदलायची? निवाऱ्यात येणारी बाई आपली कहाणी एकदा सांगते तेव्हाच तिची दमछाक होते. नव्या संस्थेच्या नव्या कार्यकर्तीला ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची, तिसऱ्या वर्षी आणखी तिसरीला?

संस्था बदलायचीच असेल तर किमान सहा महिने दोन्ही संस्थांनी एकत्र काम करावं, त्या सहा महिन्यांचे पैसे दोघींना मिळावेत आणि जुन्या कार्यकर्त्यांना नव्या संस्थेत त्याच पगारावर घेणं बंधनकारक असावं. हे निविदेच्या अटींमध्ये आधीपासून लिहिलेलं असेल, तर तुमच्या फेरनिविदेला माझा विरोध बराच कमी होईल.

हिशोबी

सहा महिने दुहेरी पैसे म्हणजे तीन वर्षांच्या करारात एक षष्ठांश खर्च वाढला. तीन महिने धरा. कार्यकर्त्यांची अट मान्य.

ताराबाई_हिशेबखाते

तीन महिन्यांत आमच्याकडे एक हप्तासुद्धा येत नाही, हिशोबी. सहाच धरा.