यादीत नसलेलं काय भेटलं? बडोदेकरांनो, लिहा

परदेशातून कुणी आलं की "काय काय पाहिलंत?" हे आपण विचारतोच, आणि उत्तरं बहुतेक सारखीच येतात. मला ऐकायचं आहे ते वेगळं. मोठ्या शहरात ध्यानीमनी नसताना काय हाती लागलं आणि जीव सुखावला?

सुरुवात मी करते. इस्तंबूलला एमिनोनूहून काडिकॉयला जाणारी बोट म्हणजे तिथली रोजची लोकल. युरोपात चढायचं, वीसेक मिनिटांत आशियात उतरायचं. चहावाला कमरेत बारीक अशा काचेच्या पेल्यांचा ट्रे घेऊन फिरतो. शेजारच्या आजींनी सिमित, म्हणजे तीळ लावलेलं पावाचं कडं, मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि वर बोट दाखवलं. मी तुकडा उंच धरला. सीगलने तो चोचीत अलगद उचलला, बोटाला स्पर्शही झाला नाही. आजी टाळ्या वाजवत होत्या!

दांडिया बाजारातून

ताई, माझा अनुभव न्यूयॉर्कचा. मुलगी कोलंबिया विद्यापीठात शिकते. तिचं ग्रंथालय बघायला म्हणून गेलो, तर लेहमन ग्रंथालयात समोर बाबासाहेबांचा अर्धपुतळा. 1995 पासून तो तिथे आहे, मला पत्ताच नव्हता. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते याच विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंड. शिकून बडोद्याला नोकरीवर आले ते 1917 मध्ये, आणि या आपल्या गावात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेतल्या ज्या वडाखाली ते बसले, त्याच्यावरून मी रोज सकाळी फिरायला जातो. तिकडे पुतळ्याजवळच्या टेबलांवर नाना देशांची मुलं मान खाली घालून वाचत होती. आनंद तर झालाच, पण गावाची लाजही वाटली. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहितो.

रावपुऱ्यातून

लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल, म्हणजे तिथलं मोठं चर्च. दिवसा बघायला तिकीट बरंच महाग, पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला तिकीटच नाही. मी गाणं शिकवते. गायकवृंद थांबल्यावरही सूर घुमटाखाली रेंगाळत राहतो, आणि तो पूर्ण विरेपर्यंत पुढची ओळ कुणी उचलत नाही. एवढा धीर मी आमच्या मैफलींत क्वचित पाहिला आहे.

मांजलपुरातून

टोकियोत लेकाकडे होते. संध्याकाळी पाचला भाजी घेऊन येताना खांबावरच्या भोंग्यातून एकदम संथ, गोड धून सुरू झाली. पुढच्या गल्लीतूनही तीच, जराशी मागे पडत. मैदानातल्या मुलांनी लगेच दप्तरं उचलली. भूकंपासारख्या संकटात सूचना देणारे भोंगे नीट चालतात ना, याची ती रोजची तपासणी, असं सूनबाईंनी सांगितलं. मुलांना मात्र तो घरी परतायचा इशारा. थंडीत कुठे कुठे ती अर्धा तास आधीच वाजते म्हणे. त्यानंतर पाचच्या सुमाराला मी मुद्दाम बाहेर पडायचे.

अलकापुरीतून

स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझी आवड तशीच. लंडनला ग्रीनिचपाशी थेम्सच्या खालून पायी जायचा बोगदा आहे. 1902 चा, लांबी 370 मीटर, खोली सुमारे 15 मीटर. दक्षिणेला राहणाऱ्या कामगारांना पलीकडच्या गोदीत जाता यावं म्हणून बांधला. पांढऱ्या चकचकीत फरशा, वर नदी! उत्तरेच्या टोकाला बोगदा अचानक अरुंद होतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तिथे इजा झाली, तेव्हा आतून पोलादी अस्तर घालून तो सावरला. त्या अस्तरावर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी झाकपाक केलेली नाही, जखम कुठे होती ते आजही दिसतं. बांधकामातलं कुणी सोबत असेल तर नक्की न्या. पैसे पडत नाहीत आणि बोगदा रात्रंदिवस उघडा असतो.